दगडाच्या अलीकडे

बायकांनी या दगडापर्यंतच यायचं.
पुढची वाट पुरुषांची.
मेणबत्त्या त्यांच्या हातात, मेंढा त्यांच्या हातात,
देवाची बिअर तेच उकळतात.
आम्ही फक्त जव निवडायचे
आणि हॉप्सची फुलं वेचून, मोजून द्यायची.

वर शिंगांच्या ढिगात तो, घोड्यावरचा,
आजोबांच्याही आजोबांच्या काळचा.
म्हणे ऐन लढाईत त्यानं तलवार म्यान केली,
शत्रूला आपली मेलेली माणसं उचलू द्यायला,
आणि तेवढ्यात पाठीत बाण लागला.
तो पडला तिथलं गवत
सात हिवाळे हिरवं राहिलं.
असेल. मी काही पाहिलं नाही.

यंदा त्याच्या शेजारी
काचेच्या चौकटीत तू आहेस, उतुर्गा.
फोटो पासपोर्टचा. टोपी कुणीतरी नंतर रंगवली.
म्हातारा अपारेका पेला उंच धरतो:
"देवाचं नाव घेत गेला, पुण्यवान शिपाई!"
"आमेन" खाली आमच्यापर्यंत
वाऱ्यानं अर्धंच येतं.

पुण्यवान?
उपासाच्या चाळीस दिवसांत
सांदीत बसून चीज खाणारा तू.
मगियाच्या कुत्र्याला भिऊन
लांबच्या वाटेनं घरी येणारा.
देवाचं नाव तुझ्या तोंडून मी एकदाच ऐकलं,
लाल गाय ओढ्यात अडकली तेव्हा,
तेही शिवीला जोडून.
मग रात्रभर छातीएवढ्या बर्फाच्या पाण्यात
तिचं तोंड वर धरून उभा राहिलास.
गाय जगली. तू महिनाभर खोकत होतास.
ते मात्र वर कुणी सांगत नाही.

काल सांदुआ आली, पोराचा ताप उतरेना म्हणून.
तुझ्या सदऱ्याचा तुकडा मागत होती.
नाही म्हणायला तोंड उघडलं
आणि कात्री घेऊन आले.
कॉलर दिली. मळकी होती,
मी मुद्दाम धुतली नव्हती दोन वर्षं.
तिनं ती कपाळाला लावली.
मला तिचा राग आला, मग माझा,
मग तुझा, की तू आता
कुणाच्याही तापाला जाशील.

ताप उतरला का, मी विचारलेलं नाही.

आता वर पहिला पेला भरतायत.
कडू तुला कधी चाललं नाही.
यंदा फुलं मी तीन मुठी कमी दिली.
अपारेका घोट घेतो, थबकतो,
मान वळवून दगडाकडे बघतो,
दगडाच्या अलीकडे, माझ्याकडे.
मग मिशा पुसतो
आणि उरलेला पेला
एक थेंब न ठेवता
तुझ्या चौकटीपुढे ओततो.