सव्वीस नंबर अजून आत आहे

फक्की चार पोती.
टायर सत्तर, पंक्चरवाल्या इमामहुसेनचे,
देताना मोजतो, नेताना मोजतो.
सुतळी, काठ्या, पाण्याचा टँकर.
अ‍ॅम्ब्युलन्स सहापर्यंतच,
मग तिच्या ड्रायव्हरच्या मेहुणीची हळद आहे.

परवानगीचा अर्ज मी कन्नडमध्ये लिहिते,
सातवीतल्या अक्षरात, वेटोळी घालत.
हुक्केरी हवालदार एक ओत्तू दुरुस्त करतात,
चष्म्यावरून बघतात: एन सिगतैत्री बाई, इदरिंद?
काय मिळणार, साहेब.
शिक्का मिळाला तरी पुष्कळ.

बॅनरचं आठवडाभर ठरत नव्हतं,
वर कुठली भाषा, खाली कुठली,
कोण फूटपट्टी घेऊन येईल.
शेवटी बाबू मुचंडीकरनं नुसता एक सायलेन्सर रंगवला
आणि खाली तारीख.
सगळ्यांना कळलं.

शिवार येळ्ळूरकडचं, भरमा बिर्ज्यांचं.
भात गेलं, मसूर गेली,
नांगर लागेपर्यंत आमचं.
भाडं नको म्हणाले,
फक्त सोमवारी बांध होता तिथंच असावा.
बांध, मी वहीत लिहून घेतलं, होता तिथंच.

मी स्वतः कधी पळवली नाही.
माझी स्कूटी चाळिसाच्या पुढं खोकते.
पण फौंड्रीत अठरा वर्षं हजेरी घेतलीय,
कोण आला, कोण नाही, हे माझ्या अंगठ्याला कळतं,
आणि आज त्या अंगठ्याखाली
शाळेतल्या पीटीच्या मास्तरांकडून मागून आणलेलं स्टॉपवॉच.

निपाणीचे दोघे, गोकाकचा एक,
बेकरीतला फ्रान्सिस, कोपरापर्यंत अजून मैदा.
धूळ उठली की नंबर सोडून काही दिसत नाही,
मग नंबरही नाही.
माईकवर बसू कंबार दोन्ही भाषांत ओरडतो,
पडलेल्याला मात्र
जी आधी तोंडात येईल तिच्यात.

साडेसहाला बक्षिसं वाटून झाली.
खुर्च्या टेम्पोत, कुंद्याचा बॉक्स चाटून रिकामा.
मी कागदावरून बोट फिरवते
आणि एक चौकोन कोरा.
सव्वीस. रामलिंग कणबरकर, मच्छे, लेथ, दुसरी पाळी.
सुटल्याची खूण आहे. आल्याची नाही.
तिसऱ्या वळणावरचा झेंडेवाला चहाला गेला
तो गेलाच.
खिशातलं घड्याळ काढून बघितलं:
पळत होतं.

तो उसाच्या कडेला उकिडवा,
तुटलेली चेन रुमालात,
मसुरीच्या खुंटांत चेनचं लॉक शोधत.
नखाएवढी वस्तू.
मीही बसले. मोबाईलचा उजेड.
काळ्या ढेकळांत दोघं,
सुपातले खडे निवडावेत तसे.
"अक्का, टाइम चालू हाय अजून?"
हाय.
"मग बंद नको करू."

लॉक मिळालं नाही.
गाडी ढकलत निघाला.
बाहेरच्यानं हात लावला तर बाद,
हा नियम मीच लिहिलेला,
म्हणून मी नुसती शेजारून चालले
उजेड धरून,
चढावर दात आवळून, त्याच्याइतकेच.

फिनिशची रेघ शेळ्यांनी कधीच पुसलेली.
पोत्याच्या तळाची मूठभर फक्की
अंदाजानं ओढली, जरा वाकडीच.
तो थांबला. हेल्मेट घातलं,
बकल लावलं,
आणि मग ओलांडली.
एक तास, एकेचाळीस मिनिटं, आठ सेकंद.
लिहू?
"लिही की."

तेवढ्यात टेम्पोपाशी इमामहुसेन ओरडला,
एकोणसत्तर!
मी परत उजेड लावला.