खळ

फळा उतरवायला तिघं लागले.
खानापूर रोडची आमची फाउंड्री,
भट्टी तीन वर्षं थंड, शेड विकलेली,
आणि मी, जन्मभराचा टाइमकीपर,
चाव्या सोपवायला आलेलो.
फळ्यामागं एक स्वच्छ चौकोन निघाला.
बाकी भिंत काळी.

कायदा चिकटवणं माझ्याकडं होतं.
इन्स्पेक्टर यायच्या आदल्या दिवशी
रुक्मव्वा कोअर-शॉपमधून खळ आणून द्यायची,
तिच्यात साच्याची काकवी मिसळलेली,
म्हणून आमच्याकडं कायद्याला मुंग्या लागायच्या.
जुना कागद काढायचा नाही, त्याच्यावरच नवा.
किमान वेतन. बोनस. ग्रॅच्युइटी.
भिंतीला फुगवटा आला.

छापील सगळं इंग्रजी नाहीतर कन्नड.
मोल्डर निम्मे सांबऱ्याचे, येळ्ळूरचे, मराठी.
जेवणाच्या सुट्टीत बसलिंग हट्टी ओळीखाली बोट ठेवून वाचायचा.
‘कूली म्हणजे मजुरी.’
‘आमच्यात कुली म्हणजे वझं व्हणारा,’ भरमू म्हणायचा.
‘मग काय चुकलं? दोन्ही एकच की.’
आणि दोघं एकाच डब्यातली चटणी खायचे.

माझा आजा नवव्या वर्षी घटप्रभेकाठच्या गिरणीत लागला.
तेव्हाच्या कायद्यानं पोराला सात तास.
सकाळी तो रामू असायचा, दुपारनंतर लखू.
दोन्ही नावांनी तोच एक खोकायचा.
म्हणजे दोन मस्टर
आमच्या घरात माझ्या आधीपासून.

भरमूचं बोट ग्राइंडरात गेलं त्या दिवशी
फळ्यावर सगळं होतं:
तर्जनी पूर्ण, चौदा टक्के.
दोन पेरं, अकरा.
मधलं बोट बारा, करंगळी सात.
कुणीतरी कुठंतरी बसून
माणसाच्या हाताचा हा भाव काढला,
आणि त्याआधी कितीतरी वर्षं
तेवढाही भाव नव्हता, हेही खरं.

पण भरमूचं नाव होतं दुसऱ्या मस्टरात,
जे माझ्या टेबलाच्या खालच्या खणात असायचं.
मालक म्हणाले, चावी हरवली म्हण.
मी म्हटलं.

कोर्टात बसलिंग उभा राहिला.
कन्नडमध्ये सांगितलं, मी बघितलंय,
बोट मीच वाळूतून उचललं.
पुढच्या सोमवारी त्याला गेटवरच थांबवलं.
गेट माझंच.
भरमूला सहा वर्षांनी अकरा टक्के मिळाले,
बसलिंगला काय मिळालं
ते कुठल्याच कागदावर नव्हतं.

फळा घरी आणला. बायको म्हणाली, जळणाला का?
परसात बादलीभर पाणी ओतलं त्याच्यावर.
एकेक कायदा सुटत गेला,
वर्षं ओली होऊन हातात आली.
तळाशी मराठी निघालं! मुंबई राज्य,
आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास,
अक्षरं अजून ठसठशीत.
म्हणजे फळा फाउंड्रीपेक्षा जुना,
कुठल्या तरी बुडालेल्या कारखान्यातून आलेला.

आणि मधल्या एका थरात, कन्नड ओळींच्या फटीत,
पेन्सिलनं काढलेलं वाकडं देवनागरी,
शिकाऊ पोरासारखं:
मजूरी. रजा. सई.
‘बेरळु’च्या शेजारी ‘बोट’,
ट खोडून परत काढलेला.

मला ठाऊकच नव्हतं तो हे लिहायचा.
म्हणजे त्याच्यावर पुढचा कागद
मी न बघताच डकवला.

कागद दोरीवर वाळत घातला.
संध्याकाळी गेलो तर
मुंग्या आल्या होत्या.
झटकल्या नाहीत.