ळ, ओगवेनच्या खोऱ्यात

कार्डिफहून सातला निघायचं ठरलं, निघालो नऊला.
शाल्मलीचा एक बूट जिन्याखाली सापडला,
दुसरा गाडीच्या डिकीत,
मागच्या सहलीचा चिखल जसाच्या तसा.
बेथेस्डात पोचेतो दिवस कलला होता.
घरमालकीण एलुनेद चष्मा पुसत म्हणाली, आडनाव?
मी म्हणालो, पिंगळे.
शाल्मली म्हणाली, पिंगले.
बाईंच्या सोयीसाठी नव्हे,
तिच्या तोंडातून ते तसंच येतं.
अकरा वर्षं दुरुस्त करतोय,
आता माझीच जीभ उलटी वळायला कंटाळते.

सकाळी गावभर ओली पाटी चमकत होती:
छपरांवर पाटी, कुंपणाला पाटी,
चर्चमागच्या थडग्यांवर नावं कोरलेली पाटी.
असल्याच काळ्या दगडावर मी थुंकी लावून
मुळाक्षरं पुसत असे,
आणि ह च्या मागे,
पंगत बसल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा, ळ काढत असे.
याने एकही शब्द सुरू होत नाही, गुरुजी म्हणाले होते.
बिचारा, असं वाटलं होतं तेव्हा.

मग वाट. दगडी फरशांची,
मेंढ्यांच्या लेंड्या चुकवत.
फाटकावरचा फलक मी मोठ्याने वाचला: लिन इडवल.
ती हसली. लिन नाही, बाबा.
जीभ ल च्या जागी ठेव,
आता हलवू नकोस, बाजूंनी हवा सोड,
मांजर फिस्कारतं तशी.
हे तिला शाळेत मिसेस प्रोबर्टनी पहिल्याच वर्षी शिकवलं.
मी फिस्कारलो. एक मेंढी बाजूला झाली.
"खूप थुंकी," शाल्मली म्हणाली. "परत."
इथलं प्रत्येक तळं, अर्धीअधिक गावं
याच अक्षराने सुरू होतात,
आणि मी दारातच अडखळत होतो.

या तळ्यावरून पक्षी उडत नाहीत म्हणतात,
कुणा बुडालेल्या राजपुत्राच्या दुःखाने.
एक कुरव आमच्या सँडविचवर नजर ठेवून
तीनदा उडून गेला.

पलीकडच्या तिरक्या कड्यावर
लाल दोराला एक बाई लटकली होती,
खालचा माणूस तिला पाय कुठे ठेवायचा ते सांगत होता
आणि ती त्याला गप्प राहायला सांगत होती.
मी मनातल्या मनात म्हणत होतो:
कातळ. घळ. सुळका. ओहोळ.
खिंडीतून उतरणारी नाळ,
तिच्यात अडकलेले कोसळलेले धोंडे.
शेवाळ.
माझ्या भाषेतला अख्खा डोंगर
या मागून आलेल्या पाहुण्याच्या खांद्यावर.
तो काढला की कातल, घल, ओहोल,
सगळं गुळगुळीत. पाय ठरत नाही.
हे तिला सांगावं असं वाटलं.
ती तेवढ्यात पुढे गेली होती,
दोन-दोन दगड ओलांडत.

वर, कड्यातल्या मोठ्या फटीपाशी जायचं होतं.
"ट्वुल डी," ती म्हणाली, शेवटच्या ल ला फिस्कारून.
"म्हणजे कालं भोक."
वेल्शमधून थेट मराठीत, मध्ये कुठेही न थांबता.
मी तोंड उघडलं होतं, मिटलं.
धुकं उतरलं.
अर्ध्या चड्डीतला एक म्हातारा काठी टेकत खाली आला,
म्हणाला, वर काहीच दिसत नाही,
फार सुंदर आहे.
माझा गुडघा एव्हाना बोलायला लागला होता.
आम्ही तिथेच थांबलो, काळ्या भोकाच्या अलीकडे,
शिखर-बिखर काही न करता.

मग एकाएकी धुकं मधोमध फाटलं.
खाली तळं, त्यात वरचं सगळं उलटं,
आणि दूर रस्त्यावर काड्यापेटीएवढी बस.
ती दोन्ही हात पसरून ओरडली,
"बाबा, आभा"
पुढचं अक्षर वाऱ्याने नेलं.
ल होता की ळ, मी विचारलं नाही.

ओल्या खडकावर बसून
थर्मासच्या एकाच झाकणातून चहा प्यायलो.
तिने मला पुन्हा फिस्कारायला लावलं.
चार वेळा. पाचव्यांदा डोळे मिटून ऐकलं
आणि म्हणाली,
"जवलजवल."