तुटक रेषा

खात्यानं दिलं एक चाक, लांब दांड्याचं,
दर मीटरला टक् वाजणारं,
आणि हुकूम: तलावाभोवतीच्या सगळ्या पायवाटा
पावसाळ्याआधी मोजून नकाशात बसवा.
सोबत सुकरी वरठा, हंगामी वाटाडी.
हजेरीच्या वहीत अंगठ्याची जागा आखलेली होती,
तिनं त्या चौकोनात
मावेल तेवढं पूर्ण नाव लिहिलं.

पहिली वाट सोपी.
बंधाऱ्यावरून पंपघरापर्यंत, दगडी, साहेबी,
दोन्ही कडांना चुन्याचे ठिपके.
नऊशे चाळीस टक्.

दुसरी माकडांनी ठरवलेली, म्हणून वाकडी.

तिसरीवर कुड्याच्या फुलांचा वास
आणि मधोमध वाळलेली विष्ठा, केसांनी भरलेली.
सुकरीनं काडीनं उकरून पाहिलं.
"कुत्रा खाल्लाय. तुमच्या बाजूचा."
आमची बाजू म्हणजे
ऐनाच्या शेंड्यांवरून डोकावणारे ते पस्तीस मजले,
ज्यांच्या बाल्कन्यांनी हा तलाव विकत घेतलाय
चौरस फुटाच्या भावानं, नुसता बघण्यापुरता.

दुपारी माझी बाटली संपली.
"एवढ्या पाण्याकाठी तहान?" ती हसली,
आणि स्वतःची पुढे केली.
समोरच्या निळ्याला हात लावायला मनाई,
तसा फलकच आहे.
माझ्याकडे हेच पाणी येतं,
पहाटे साडेपाच ते सात,
आधी खोकतं, मग गढूळ, मग ठीक.

चौथी वाट यादीत नव्हती.
करवंदीच्या जाळीतून ती खाली उतरली
आणि वैशाखानं उघड्या टाकलेल्या गाळावर आली.
सगळीकडे भेगा,
फक्त वाटेपुरती माती घट्ट, बोटभर उंच,
तिच्यावर चितळांचे ताजे खूर,
कडेला चिंचेचं काळं खोड, कुणीतरी बसायचं असावं तिथं.
चारशे सहा टक्, आणि चाक ओलं झालं.

मी वहीत लिहिलं: शेवट.
"संपली नाय," सुकरी म्हणाली.
"पाणी आलंय वरून."
आणि हनुवटीनं पल्याड दाखवलं,
एका फांदी मोडलेल्या कुंभ्याकडे.
दुर्बीण लावली.
खरंच, त्या काठावर एक रेघ
पाण्यातून निघून टेकडी चढत होती,
आंघोळीनंतर पाय न पुसता
घरात गेलेल्या माणसासारखी.

"कोण चालतं हिच्यावरून?"
"आता? मासे."
एक विमान उतरत गेलं सांताक्रूझकडे,
पाणकावळ्यांनी पंख वाळवायचे थांबवले नाहीत.
मग तीच बोलली, माझ्याकडे न बघता:
"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूनं आणलं मला हितं.
म्हणाली, पाच पावलं टाक पाण्यात.
बाकीची मोजलेली हायेत."

तिनं माझ्या हातून चाक घेतलं,
लुगडं खोचलं आणि आत ढकलत गेली.
पाण्याखाली टक् वाजत नाही.
दांड्यात एक हलका धक्का बसतो फक्त,
तो तिच्या खांद्यात दिसत होता.
परतली. "पाच. लिव."

रात्री मी नकाशा काढला.
निळ्या रंगाच्या या काठापासून त्या काठापर्यंत
तुटक रेषा, पेन्सिलीनं,
आणि कुंभ्यापासून पुन्हा अखंड.
तांडेल साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"चुरी मॅडम, ह्यावरून एखादा ट्रेकवाला चालायला गेला तर?"
खोडरबर त्यांच्याच खणात होता.
भुसा फुंकून टाकताना
थोडा माझ्या चहात पडला.

मी वाद घातला नाही.
घरी दहावीचं पोर, पुढच्या महिन्यात बढतीची यादी.
अहवाल गेला, पायवाटा चार,
चौथीपुढे "शेवट: तलावाचा काठ".

लांबीचा रकाना मात्र त्यांनी वाचला नाही.
तिथं चारशे अकरा आहे.
कुणी तपासायला गेलंच,
तर बूट काढावे लागतील.