मानशीपाशी, पौष अमावास्या

हात धुवायचे नाहीत आज.
चिखल घ्यायचा तो बांधाच्या आतल्या अंगाचा,
जिथे कोरगुटाची खुंटं अजून तळपायाला टोचतात.
बाहेरचा नको, त्यात नदी राहते.
एवढं एक बाबूनं शिकवलं.
बाकी आमच्या मानग्याला मंत्र नाही, भट नाही,
शेपटीकडून सुरू करायचं
आणि दातांशी थांबायचं.

शेपटी सगुणाच्या बायकोनं थापली.
पाठीवर खुबे मी रोवले, एकेक, उपडे.
दातांना काड्या. पोटात अंडं.
पूर्वी कोंबडीचं पिल्लू ठेवायचे, जिवंत.
एका वर्षी दर्शनी, माझी पुतणी, इतकी रडली
की तेव्हापासून अंडं.
कुणी हरकत घेतली नाही,
ना गावानं, ना नदीनं.

यंदा जबडा करताना मुठीत काहीतरी आलं.
वाटलं, शिंपला.
शांपूची पुडी निघाली, तिला जोडून दुसरी, तिसरी,
अख्खी माळच.
"टाक ती," सगुण म्हणाला.
कुठे टाकू, बांधाच्या आत की बाहेर?
तो हसला. मी खिशात घातली.
जबड्यात तेवढी फट राहिली,
कितीही थापलं तरी मिटेना.

कायतान उशिरा आला,
वळणावरच्या खुरसाला मेणबत्ती लावून.
त्याचं शेत माझ्या शेताला लागून.
हात जोडत नाही, गुडघ्यावर हात ठेवून वाकून बघतो.
"यंदा रोडावलं रे तुझं मानगं."
दरवर्षी हेच म्हणतो,
दरवर्षी नारळ आणतो.

वैशाखात खरी मगर वर आली होती.
पलीकडची खारफुटी कापून धक्का बांधला,
तिला पडायला जागा उरली नाही,
म्हणून ती इथे, बांधावर, ऊन खात.
आम्ही थाळे वाजवले. वनखात्याला फोन केला.
चौघांनी दोर टाकला, तोंडाला चिकटपट्टी, मग टेम्पो.
एक टोक माझ्याकडे होतं.
ओढताना तिच्या पाठीला माझी बोटं लागली.
ऊन होती पाठ, भाकरीसारखी.
दर्शनी म्हणाली, काका, हिला नारळ का नाही दिला?
मी म्हटलं, घरी जा.

पुढचं सांगायचं नव्हतं.

मानशीचं दार माझ्या ताब्यात आहे.
लिलाव शेटचा, राखण माझी.
ज्यानं हे दार केलं त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही,
पण त्यानं ते असं बसवलंय
की भरती स्वतःच येऊन ते लावून घेते.
खाऱ्या पाण्याला स्वतःलाच बाहेर कोंडायला लावणारा माणूस!
आणि मी त्यात ओंडका अडकवतो.
अमावास्येला, पुनवेला, उधाणाच्या रात्री,
एक हातभर.
तेवढ्यातून सुंगटं आत येतात,
ओहोटीला जाळ्यात पडतात,
पहाटे शेटची गाडी येते.
जत्रेची अर्धी वर्गणी शेटची,
देवळातली चांदीची प्रभावळही.

कायतानचं भात दोन वर्षं पिवळं पडतंय.
तो म्हणतो, खेकड्यानं कुठेतरी बीळ पाडलं असणार.
मी म्हणतो, असणार.
दोघं मिळून बीळ शोधतो.
तो माझ्यापुढे वाकून चालतो, काठीनं टोचत,
आणि मी त्याच्या मानेकडे बघत राहतो.

अकरा वाजले. ओंडका खांद्यावर.
बांध एवढासा, वाटेत मानगं आडवं,
दुपारी मीच थापलेलं,
कुंकू वाळलंय, झेंडूवर मुंग्या.
त्याला ओलांडायचं नाही
असं बाबूनं कधी सांगितलं नव्हतं.
कडेनं जावं तर एकीकडे नदी,
एकीकडे कायतानचं शेत.
खिशात पुड्या चुरचुरतात.
मी एक पाय उचलला, खाली ठेवला.
पुन्हा उचलला.

पाणी चढतंय.
पलीकडे अंधारात दार कुरकुरतंय,
मिटायला लागलंय,
आपसूक.