बिनसांगितलेलं काम

रात्री अकराला पंखा गरजायला लागला.
छताचा नव्हे. टेबलाखालच्या डब्यातला, तळहाताएवढा.
स्क्रीनवर काहीच चालू नव्हतं,
नुसतं डोंगराचं चित्र आणि कोपऱ्यात वेळ.

एकतीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा होतो,
मला आवाज फसवत नाही.
बेअरिंग गेलं की एक आवाज,
पट्टा घसरला की दुसरा,
आणि वर भार दिसत नसताना मोटर ओढायला लागली
की तिसरा. तो कानाला नाही, पोटाला कळतो.
लांब स्क्रूड्रायव्हर घेतला,
टोक पत्र्यावर, मूठ कानाशी.
बेअरिंग ठणठणीत.
म्हणजे आत कोणीतरी राबतंय,
आणि काम मी सांगितलेलं नाही.

आधी झाकण काढलं.
धूळ, उदबत्तीची राख, एक वाळकी पाल शेपटीसकट.
दाढीच्या जुन्या ब्रशनं सगळं झाडलं.
पंखा तसाच.
लक्ष्मीपुरीतल्या तौफिकला फोन लावला, तो जेवत होता.
म्हणाला, काका, सकाळी आणा, फॉरमॅट मारूया.
दुखणं कळायच्या आधीच पाटी पुसायची घाई.
म्हटलं, जेव बाबा तू.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप,
रेवतीनं शिकवलेली तीन बटणं.
यादी उघडली, नावंच नावं, निम्मी माझ्या ओळखीची नाहीत.
सीपीयूच्या रकान्यावर टिचकी मारली
की सगळ्यात जास्त खाणारा वर येतो.
पंगतीत हे इतकं सोपं नसतं.
अँटिव्हायरस, दोन टक्के.
ब्राउझर बंद केला तरी एक टक्का रेंगाळला,
चप्पल घालून दारात बोलत बसलेल्या पाव्हण्यासारखा.
छपाईचं काहीतरी, शून्य. प्रिंटर विकून चार वर्षं झाली,
ते अजून हजर.
आणि सगळ्यांच्या डोक्यावर एकटाच,
एक्याण्णव.

एंड टास्क केलं. पंखा उतरला.
दहा मोजले, परत चढला.
आमच्याकडं बंडा इंगवले होता असा,
मालकानं हाकलला की मागच्या दारानं येऊन
पुन्हा मशीनवर उभा.

मग उजवं बटण दाबून विचारलं, तुझं घर कुठलं?
फोटोंच्या अल्बमचं निघालं.
गेल्या गुरुवारी रेवती पेनड्राइव्ह घेऊन आली होती.
आकारामची पोरगी.
दोन चुली झाल्याला नऊ वर्षं झाली,
ती मात्र मधल्या बोळातून येते-जाते.
म्हणाली, आबा, दोन्ही घरचे फोटो टाकलेत, बघत बसा.

मी बघितले नाहीत.
मशीन बघत होतं.
चार रात्री, एकोणीस हजार फोटो,
एकेक चेहरा काढून, दुसऱ्याशी लावून,
हा कोण, तो कोण.
अल्बम उघडला तर वरच प्रश्न, दोन गोल.
डावीकडं मी, शेडच्या पूजेदिवशी, मिशा काळ्या.
उजवीकडं आकाराम, रेवतीच्या साखरपुड्यात,
जिथं मी गेलो नव्हतो.
खाली लिहिलेलं:
ही एकच व्यक्ती आहे का?
होय. नाही. खात्री नाही.

वाटण्या सरळ झाल्या होत्या.
लेथ त्याला, ड्रिल मला,
बोर्डावरचं नाव कुणालाच नाही.
तापलेला कीस उडून भुवईवर पडलेला डाग
त्यालाही आहे, हे विसरलो होतो.
तीच हनुवटी.
फोटो काढताना तीच मान वाकडी.

बाण 'नाही'वर नेला.
बरोबर उत्तर तेच होतं.
तिथंच ठेवला.

मग यादीत परत गेलो,
चार कोरांपैकी एकच कोर दिला त्याला.
कर काम, पण दमानं.
आकडा पंचवीसवर आला,
पंखा कुणीतरी कूस बदलावी तसा निवला.
स्क्रीन बंद केली. प्रश्न आत तसाच.
दिवा घालवायला गेलो तर
स्क्रूड्रायव्हर अजून हातातच होता.