फक्त कान

म्झेविनार बाईंनी हार्ड डिस्क आणली ती लोकरीच्या मोज्यातून.
एकाच पायाचा मोजा, करडा, टाचेला रफू.
बातुमीच्या बाजारात मासळीची गल्ली संपते
तिथे माझं दुकान, चार बाय सहाचं.
समुद्राची खारी हवा आधी यंत्रं खाते,
उरलेली माझ्याकडे येतात.

"मीच पुसले होते," त्या म्हणाल्या,
मी विचारायच्या आत.
"एका रात्रीत. अकरा वर्षं झाली.
ओतिया ट्रक घेऊन त्राबझोनला गेला
आणि तिथून फोन केला,
ट्रक तेवढा परत पाठवतो म्हणून."

मी मान हलवली.
या धंद्यात निम्मं काम मान हलवण्याचं.

"आता नातू विचारतो, आजी, माझे कान कुणाचे?
पोरं चिडवतात. आमच्यात कुणाचेच असे नाहीत.
मला त्याचं तोंड नको.
फक्त कान हवेत."

पुसलं म्हणजे काय होतं ते सांगितलं, सगळ्यांना सांगतो तसं:
दारावरची पाटी निघते, बिऱ्हाड आतच असतं
नवा भाडेकरू येईपर्यंत.
"मग आलं का कुणी?"
आले होते. विजेची बिलं, लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ,
आणि कुण्या तुर्की मालिकेचे सत्तर भाग.

चकती फिरली. आत कुणी दात खावेत तशी करकर.
मी श्वास धरून बसलो, मग ती सुरळीत झाली.
फोटो येऊ लागले, नावाशिवाय, तारखेशिवाय,
नुसते आकडे लावलेले,
बाप्तिस्म्याला चिकटून कुणाचं तरी दफन,
अर्धं जेवणाचं टेबल, खाली सपाट करडं,
अर्धा समुद्र, खाली सपाट करडं.
ओतियाही तसाच येत होता.
कपाळ, खाली करडं.
टोपी, खाली करडं.
जिथे चेहरा धड, तिथे टोपी कानांवर ओढलेली.
"थंडी सोसत नाही त्याला," बाई हसल्या,
आणि लगेच ओठ मिटून घेतले.

चहा झाला. दुसरा झाला.
तीन हजार एकशे बारा:
उघडा बॉयलर, त्यात वाकलेला पाठमोरा माणूस.
मान, दाढीची कड,
आणि कान.
अख्खा. वरच्या बाजूनं बाहेर वळलेला,
जर्दाळूच्या फोडीसारखा, पलीकडच्या दिव्यानं लालबुंद.
कानामागे खोचलेली पेन्सिल.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
अकरा वर्षं जे कानामागे टाकलं होतं
तिथे एवढीच वस्तू होती, टोकाला चावलेली.
"ही माझी," त्या म्हणाल्या.
"हिशेबाची. घरभर शोधली होती मी."

मी कान मोठा करून छापला.
त्यांनी तो मोज्यात सरकवला, डिस्कच्या जागी.
"बाकीचे?"
"पुसा. या वेळी नीट."

नीट पुसायला शोधण्याहून जास्त वेळ लागतो,
खोलीखोलीत जाऊन चुना मारावा लागतो.
सात तास, मी म्हटलं, उद्या या.
"बसते इथेच."

बसल्या. मांडीवर मोजा.
गल्लीत कोळणी उरलेल्या हमसीचा भाव पाडत होत्या.
पडद्यावर नऊ टक्के झाले तेव्हा त्यांनी विचारलं,
"हे मध्येच थांबवता येतं का?"
येतं.
"बरं," त्या म्हणाल्या.
"सहज विचारलं."